‘फरक आढळला नाही’ : एआरटी ट्रायल वाचताना

मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी ‘इंटेन्शन टू ट्रीट’ची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. ती प्रत्यक्षात कुठे अडचणीत आणते, हे बघायचं असेल तर 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एआरटी ट्रायलचा दहा वर्षांचा निकाल जरूर वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. बायपासमध्ये अडथळ्यापुढे रक्त पोचवायला दुसरी रक्तवाहिनी जोडतात. बहुतेक वेळा पायातली शीर वापरतात. पण शिरेला धमनीतला दाब सोसायची सवय नसते. तिची भिंत जाड होते आणि पुढे त्यात चरबी साठते. छातीतली धमनी (इंटर्नल मॅमरी) जास्त टिकते. अमेरिकेतल्या व्हेटरन्स रुग्णालयांच्या 2004 च्या अभ्यासात दहा वर्षांनी अशा धमनीचे सुमारे 85 टक्के ग्राफ्ट उघडे होते, शिरांचे 61 टक्के. मग साहजिक प्रश्न येतो: एक धमनी चांगली, तर दोन अजून चांगल्या का नाहीत?

एआरटीने हेच तपासलं. सात देशांतले 3102 रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. दहा वर्षांत दोन धमन्यांच्या गटात 20.3 टक्के मृत्यू, एका धमनीच्या गटात 21.2 टक्के. निष्कर्ष: लक्षणीय फरक नाही.

इथे पेपर बंद करू नका. खरी गोष्ट पुढे आहे.

दोन धमन्यांच्या गटातल्या 13.9 टक्के लोकांना प्रत्यक्षात एकच मिळाली. उलट एका धमनीच्या गटातल्या 21.8 टक्के लोकांना हातातली रेडियल धमनीही जोडली गेली, म्हणजे त्यांनाही दुसरी धमनी मिळालीच! तुलना होती ‘दुसरा ग्राफ्ट धमनीचा की शिरेचा’ याची, आणि दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांत मिसळलं. अशा वेळी इंटेन्शन टू ट्रीट विश्लेषण फरक झाकतं. हॅझर्ड रेशो 0.96 आहे, पण त्याची मर्यादा 0.82 ते 1.12. म्हणजे बराच फायदा किंवा थोडं नुकसान, दोन्ही या आकड्यांत बसतं. ‘फरक नाही’ आणि ‘फरक दाखवता आला नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मग ज्याला जे मिळालं त्यानुसार मोजू या? तसं केलं की जास्त धमन्यावाल्यांमध्ये मृत्यू कमी दिसतात. पण सावध राहा. ऑपरेशन टेबलावर बेत बदलतो तो बहुधा रुग्णाची अवस्था किंवा धमनीची प्रत बघून. तब्येतीने बरे असलेले लोक आपोआप एका बाजूला जमतात, आणि श्रेय ग्राफ्टला मिळतं. रँडमायझेशन केलं होतं ते नेमकं हेच टाळायला.

लेखकांनी हे आकडे लपवले नाहीत, हे त्यांचं श्रेय. माझा आक्षेप आखणीवर आहे: कंट्रोल गटात रेडियल वापरायला मोकळीक द्यायला नको होती. 2018 मध्ये सुरू झालेल्या रोमा ट्रायलने प्रश्नच नीट मांडला: एक धमनी की एकाहून जास्त, मग दुसरी छातीतली असो वा हातातली.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. दुसरी मॅमरी काढली की छातीच्या हाडाची जखम चिघळण्याचा धोका वाढतो. एआरटीमध्ये पाच वर्षांपर्यंत तो 3.5 टक्के विरुद्ध 1.9 टक्के होता. मधुमेही रुग्णाला हा धोका आज पत्करायचा असतो, फायदा मात्र दहा-पंधरा वर्षांनी, तोही खात्रीशिवाय.

म्हणून जर्नल क्लबला जाताना ॲबस्ट्रॅक्टच्या आधी एक तक्ता शोधा: कोणाला काय ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं. निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा, ते तिथे कळतं.