मजकुराचे वय

मागील वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतील दोन मुलींनी सर्पदंशावर तक्ता केला होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चारही चित्रे पाहताक्षणी ओळखू येत होती. प्रथमोपचाराच्या चौकटीत मात्र लिहिले होते : दंशाच्या वरच्या बाजूस दोरी घट्ट आवळावी, स्वच्छ पात्याने जखमेवर छेद द्यावा व रक्त वाहू द्यावे. माहिती कोठून मिळाली, असे आम्ही विचारले. "सर, सार्वजनिक वाचनालयातून." कोणत्या पुस्तकातून? "पुस्तकातून नाही, तिथल्या संगणकावरून. इंटरनेटवर आहे."

हा सल्ला आज चुकीचा, किंबहुना घातक मानला जातो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा माणसाला छेद देणे म्हणजे न थांबणाऱ्या रक्तस्रावाला वाट करून देणे. दोरी आवळल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटून तो अवयव निकामी होऊ शकतो, आणि ती एकदम सोडली की अडकलेले विष एकाच वेळी शरीरात पसरते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील. तक्ता शाळेच्या भिंतीवर लागणार होता व शाळा शेतांच्या मधोमध होती.

दुपारी मुलींना व त्यांच्या बाईंना घेऊन आम्ही ते वाचनालय गाठले. मुलींनी तोच शोध पुन्हा घेतला. पडद्यावर आले ते प्रथमोपचारावरील एका जुन्या मराठी पुस्तिकेचे पान. कोणी तरी ती पुस्तिका संपूर्ण छायांकित करून महाजालावर ठेवली आहे, हे कामही मोलाचेच. ती छापली गेली तेव्हा हा सल्ला सर्रास दिला जात असे, त्यामुळे तिच्या लेखकाला दोष देता येणार नाही. पण शोधयंत्राने मुलींना थेट मधल्या पानावर आणून सोडले होते. मुखपृष्ठ, प्रकाशनाचे साल, आवृत्ती, यांपैकी काहीच त्यांच्या नजरेखालून गेले नव्हते.

योगायोग असा, की त्याच दालनातील कपाटात साधारण त्याच काळातले प्रथमोपचाराचे दुसरे पुस्तक होते. पिवळी पाने, सुटलेली शिवण, वाळवीची दोन भोके. मुलीच्या हाती दिले, तर न उघडताच ती म्हणाली, "हे खूप जुनं आहे, सर." कागद आपले वय लपवीत नाही, पडद्यावर मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा मजकूर आणि कालचा मजकूर सारख्याच उजेडात दिसतो. महाजालावरील माहितीविषयी बोलताना आपण खरे-खोटे एवढ्याचाच विचार करतो. 'त्या वेळी खरे मानलेले' हा तिसरा प्रकार आपल्या ध्यानी येत नाही, आणि आमच्या मते विज्ञानाच्या विद्यार्थ्याला फसवणारा प्रकार बहुधा हाच असतो.

चांगल्या साधनांनाही हा दोष लागू आहे. मराठी विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संदर्भ असतात. मराठीत इतके भरवशाचे दुसरे साधन आम्हाला तरी ठाऊक नाही. परंतु त्याचे खंड १९७६ पासून २०१५ पर्यंत निघत राहिले. 'प'च्या नोंदी छापल्या गेल्या तेव्हा प्लूटो ग्रह होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने त्याला बटुग्रहांत घातले. संकेतस्थळावर नोंद वाचणाऱ्याने ती कोणत्या खंडातली व तो खंड कोणत्या सालचा, हे स्वतः शोधायचे असते. (विश्वकोश मंडळ आता ज्ञानमंडळांकडून नव्या नोंदी लिहून घेते, हे चांगलेच आहे.) विकिपीडियाचे उलटे. तेथे लेखक कोण हे बहुधा कळत नाही, पण 'इतिहास' या कळीवर प्रत्येक बदलाची तारीख मिळते. आमचे काही सहकारी विकिपीडियाचे नाव काढताच नाक मुरडतात. त्यांनी ही कळ एकदा दाबून पाहावी.

आता वाचनालयाविषयी. संगणक कोपऱ्यात होता, आणि बहुतेक वेळ परीक्षांचे अर्ज भरणे व निकाल पाहणे यांसाठीच वापरला जाई. ग्रंथपालबाई तेथून आठ-दहा फुटांवर बसत. मुलींनी त्यांना काही विचारले नव्हते व त्यांनीही चौकशी केली नव्हती. आम्ही विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "सर, मी कला शाखेची. सापाच्या विषातलं मला काय कळणार?" प्रश्न प्रामाणिक होता. पण त्यांच्या टेबलावर दाखल रजिस्टर उघडे होते व त्यात प्रत्येक पुस्तकापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि साल लिहिलेले होते. संकेतस्थळाला विचारायचे प्रश्न नेमके हेच. ते विचारायला विषतज्ज्ञ लागत नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, असे रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयांना सांगितले. वेळ शोधयंत्रही वाचवते, पण रजिस्टर ठेवीत नाही.

सगळा दोष वाचनालयाच्या माथी मारून आम्हाला सुटता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाची सर्पदंशावरील सुधारित मार्गदर्शिका २०१६ ची आहे, ती विनामूल्य मिळते व तिच्यावर साल स्पष्ट छापलेले आहे. पण ती इंग्रजीत आहे, मोठी आहे आणि डॉक्टरांसाठी लिहिलेली आहे. नववीच्या मुलीने ती वाचावी ही अपेक्षाच चुकीची. तिला वाचता येईल असे, सालासकट, मराठीत लिहून ठेवणे हे आमच्यासारख्यांचे काम होते. ते फारसे झालेले नाही, म्हणून जुनी पुस्तिका शोधात सर्वांच्या वर येते.

संध्याकाळपर्यंत मुलींनी चौकट नव्याने लिहिली. धीर द्यावा, अंगठी, बांगड्या काढाव्यात, दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नये, कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये, प्रतिविष जेथे मिळते त्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. खाली बारीक अक्षरात मार्गदर्शिकेचे नाव व २०१६ हे साल घातले. ग्रंथपालबाईंनी एका शंभरपानी वहीवर रकाने आखले आणि पहिली नोंद त्या जुन्या पुस्तिकेचीच केली. सालाच्या रकान्यात काय लिहावे, यासाठी त्यांना पडद्यावर मागे मागे जात मुखपृष्ठापर्यंत पोहोचावे लागले.