टॅबवरील बॅज : अभाव, ठिपका आणि अंक

मोबाइल उपयोजनाच्या तळपट्टीवरील टॅबच्या कोपऱ्यात जो लहानसा तांबडा अंक उमटतो, त्यास बॅज म्हणतात. 'बिल्ला' हा आपला जुना शब्द त्यास लावता आला असता. परंतु बिल्ला म्हटले की कचेरीतील पट्टेवाला डोळ्यांपुढे उभा राहतो, म्हणून येथे रूढ शब्दच स्वीकारला आहे. विषय क्षुल्लक वाटण्याजोगा आहे खरा. तथापि एकच आज्ञावली आयफोन व अँड्रॉइड या दोहोंवर सारखीच चालेल, अशी जी प्रतिज्ञा आजची फ्रेमवर्क्स करतात, तिची पारख करण्यास याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

बॅजला वस्तुतः तीन गोष्टी सांगावयाच्या असतात : काही नवे नाही, काही तरी नवे आहे, आणि अमुक इतके नवे आहे. पहिलीसाठी अभाव, दुसरीसाठी ठिपका, तिसरीसाठी अंक. आता मूळ प्रणाली हे कसे मांडतात ते पाहावे. ॲपलच्या प्रणालीत २००८ पासून टॅबच्या घटकास बॅजचे मूल्य म्हणून अक्षरसूत्र, म्हणजे स्ट्रिंग, देण्याची सोय आहे. मूल्य काढून घेतले की बॅज नाहीसा होतो. अँड्रॉइडसाठी गूगलच्या मटेरियल घटकसंग्रहाच्या १.१.० या आवृत्तीत (२०२०) जो बॅज आला, तो मात्र आरंभी पूर्णांक मागत असे. आणि त्याच्यापासून अंक काढून घेतला तर बॅज जात नाही, त्याचा ठिपका होतो! तो घालविण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. अर्थात 'मूल्य नाही' या एकाच विधानाचा अर्थ एका ठिकाणी 'काही नवे नाही' असा, तर दुसऱ्या ठिकाणी 'काही तरी नवे आहे' असा होतो. हा भेद रंगाचा वा आकाराचा नसून अर्थाचा आहे, आणि म्हणूनच तो वरवरच्या आवरणाने झाकला जात नाही.

फ्रेमवर्क्सनी या अडचणीस तीन प्रकारे तोंड दिले. झामरिन फॉर्म्सने मौन पाळले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०२४ च्या मे महिन्यात पाठबळ संपलेल्या या फ्रेमवर्कच्या टॅबपृष्ठास अखेरपर्यंत बॅजचा गुणधर्मच नव्हता. ज्याला तो हवा असे त्याने दोन्ही प्रणालींसाठी स्वतंत्र रेखाटक लिहावा, किंवा कोणी तरी लिहिलेला वापरावा. रिॲक्ट नेटिव्हबरोबर वापरल्या जाणाऱ्या रिॲक्ट नॅव्हिगेशनने अंक वा अक्षरसूत्र घेणारा एकच पर्याय ठेवला. त्यात ठिपक्यासाठी निराळे मूल्य नाही. शिवाय शून्य दिल्यास तेथे शून्यच उमटते, आणि 'शून्य नवे निरोप' ही वार्ता तांबड्या वर्तुळात मिरवू लागते. शून्याचे अभावात रूपांतर करणे हे लिहिणाऱ्याचे काम. ते विसरले जाते. फ्लटर सारा पडदा स्वतःच रेखाटतो. त्याच्या ३.७ या आवृत्तीत (२०२३) आलेल्या बॅजमध्ये मजकूर नसणे म्हणजे ठिपका, आणि तो दिसावा की नाही यासाठी वेगळा गुणधर्म आहे. तिन्ही अर्थ वेगळे राखले गेले, यास्तव या बाबतीत आमचे मत फ्लटरच्या बाजूने पडते.

परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी गोम पुढेच आहे. मराठी भाषा निवडलेल्या फोनवर अँड्रॉइडचा मूळ बॅज पूर्णांकास स्थानिक अंकलेखनाप्रमाणे रूप देतो. युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसंग्रहात मराठीचे प्रथम पसंतीचे अंक देवनागरी असल्यामुळे तेथे '१२' उमटतो. (हिंदीसाठी त्याच संग्रहात रोमन अंकांना प्रथम पसंती आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.) आयफोनचा बॅज अक्षरसूत्र जसेच्या तसे दाखवितो. मग ते कसे घडविले यावर सारे अवलंबून. डार्ट, जावास्क्रिप्ट व सी-शार्प या तिन्ही भाषांत पूर्णांकाचे साधे अक्षररूप रोमन अंकांतच मिळते. परिणामी सारा मजकूर देवनागरीत आणि एकटा बॅज रोमनमध्ये, असे विचित्र दृश्य दिसते. ज्या फ्लटरची वर प्रशंसा केली, त्याचा संख्या घेणारा तयार बॅजही या दोषातून सुटलेला नाही. संख्या भाषेनुसार रूप देणाऱ्या साधनातून आधी काढून मगच बॅजकडे सोपवावी, हा उपाय एका ओळीचा आहे. तो सर्वत्र का आढळत नाही, याचे कारण तांत्रिक नाही. चाचणी इंग्रजी ठेवलेल्या फोनवर होते, इतकेच.

कानाने पडदा वाचणाऱ्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. अँड्रॉइडच्या मूळ बॅजला उच्चारावयाचे वर्णन जोडण्याची सोय आहे. स्वतः रेखाटलेल्या बॅजला तसे वर्णन कोणी दिले नाही, तर दृष्टिहीन वाचकास टॅबच्या नावाशेजारी नुसता 'बारा' ऐकू येतो. आणि ठिपका असेल, तर काहीच ऐकू येत नाही.