युरोपचं पासबुक

मराठी माणूस युरोपला जाऊन आला की दोन गोष्टी हमखास करतो. शेजाऱ्यांना चॉकलेटं वाटतो आणि प्रवासवर्णन लिहितो. चॉकलेटांबद्दल आमची काही तक्रार नाही.

प्रवासवर्णनं मी भक्तिभावानं वाचतो. गोरेगावला, आरे कॉलनीच्या वेशीवर राहणाऱ्या बँक कारकुनाला रोम-पॅरिस पाहायचं तर वाचनालयाची वर्गणीच परवडते. पण पंचवीसेक पुस्तकं झाल्यावर माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. म्हटलं, अहो, हे तर पासबुक! तारीख आहे, तपशील आहे, खर्चाचा रकाना तर ओसंडून वाहतोय. पाण्याची बाटली केवढ्याला पडली हे सांगितल्याशिवाय एकही लेखक स्वित्झर्लंड सोडत नाही. कोरा आहे तो फक्त शिल्लकेचा रकाना.

पॅरिसचं पान उघडा. सकाळी आयफेल टॉवर, उंची ३३० मीटर, बांधून झाला १८८९ साली. दुपारी लूव्र. तिथं मोनालिसा. ‘काय ते गूढ हास्य!’ आटोपलं. रात्री कुठंसा वरणभात मिळाला, त्यावर मात्र दीड पान! वरणभाताला मी नावं ठेवत नाही. उलट सबंध पुस्तकात तेवढंच दीड पान खरं उतरलेलं असतं, कारण ते लेखकानं स्वतःच्या जिभेनं अनुभवलेलं असतं. मोनालिसाचं हास्य तो घरूनच पाठ करून गेलेला असतो.

हे चित्र अवघं ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं. म्हणजे भिंतीवरचं मोठंसं कॅलेंडरच म्हणा ना! १९११ साली ते चोरीला गेलं, तर भिंतीवरची रिकामी जागा पाहायला लोकांनी गर्दी केली. पाहुणा चित्र पाहायला जातो की ख्याती, याचा यापेक्षा चोख हिशेब कुठल्या ऑडिटरनं दिला असता?

गंमत पुढेच आहे. मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेचं ‘काना गावचं लग्न’ आहे. उंची ६.७७ मीटर, रुंदी ९.९४ मीटर. मी गुणाकार-भागाकार केला. त्यात १६५ मोनालिसा मावतात. वऱ्हाडी, वाजंत्री, वाढपी, कुत्री, सगळे हजर. आणि प्रसंग कोणता? ऐन पंगतीत यजमानाकडची द्राक्षाची दारू संपलीय! श्रीखंड संपल्यावर वधूपित्याचं काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्या मराठी माणसानं या चित्रापुढून हलूच नये. पण सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे! मी वाचलेल्या पुस्तकांत या लग्नाचं आमंत्रण एकालाही पोचलेलं दिसलं नाही.

सगळेच असे नसतात. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चं, पु. लं.ची ‘अपूर्वाई’ १९६० ची. ती मिटल्यावर स्थळांची यादी आठवत नाही, पाहणारा माणूस आठवतो. त्या काळी वाचकांनी युरोप पाहिलेला नव्हता. नुसतं वर्णन केलं असतं तरी खपलं असतं. आज प्रत्येकाच्या फोनवर आयफेल टॉवर आहे. वर्णनाचं काम फोननं नेलं, लेखकाकडे फक्त पाहणं उरलं. नेमकं तेच आम्ही करत नाही.

कुणी म्हणेल, युरोप न पाहिलेल्या माणसानं कशाला बोलावं? पण पाहायची सवय विमानात मिळत नाही हो, ती घरून न्यावी लागते. आमच्या आरेतल्या बागेला आम्ही ‘छोटा काश्मीर’ म्हणतो. तिला आरेतली बाग म्हणून पाहायची सोयच ठेवली नाही. त्याच आरेत वारल्यांचे पाडे आहेत. दूध कॉलनी झाली १९४९ साली, पाडे तिच्याही आधीचे. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मध्ये पालघट देवी. काढत नाहीत, लिहितात! याच परंपरेतले, डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात लागली. पॅरिसकरांनी ती पाहिली. आमच्या इमारतीत मात्र वारली चित्र पडद्यावर आहे, उशीच्या अभ्र्यावर आहे, कुडत्याच्या काठावर आहे. पाड्यावर गेलेला माणूस शोधावा लागतो.

म्हणजे एक लग्न लूव्रमध्ये पाठीमागे राहिलं आणि दुसरं घरामागे.

तेव्हा भावी लेखकांनो, मोनालिसाला नमस्कार जरूर करा. मग तिथंच मागे वळा. त्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसलंय, कोण रुसलंय, वाढप्याचा चेहरा कसा झालाय, एवढं एकच पान तुमच्या डोळ्यांनी पाहून लिहा. पाण्याच्या बाटलीचा भाव आम्ही विचारणार नाही.