समर्पणातला दुसरा वाटा

आपल्या वाङ्मयात देवाला वाहिलेल्या आयुष्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. पण ती बहुतेक एकाच बाजूने लिहिलेली असतात. ज्याने सर्वस्व सोडले त्याच्याकडे चरित्रकार पाहतो, त्याच्या त्यागाची मोजदाद करतो आणि हात जोडतो. त्या ‘सर्वस्वा’त बायको होती, मुले होती, घरातली म्हातारी माणसे होती. त्या दिवशी त्यांच्या पानात काय पडले, याची नोंद ठेवण्याची गरज त्याला वाटत नाही.

तुकोबांची गोष्ट घ्या. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवण्याआधी त्यांनी त्यांचे दोन भाग केले. अर्धी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हवाली केली आणि उरलेली, म्हणजे आपल्या वाट्याची तेवढी, पाण्यात सोडली, असे परंपरा सांगते. कथेतला हा तपशील आम्हांला फार मोलाचा वाटत आला आहे. देवाला द्यायचे ते आपले. दुसऱ्याचा वाटा देवालाही परस्पर देता येत नाही, हा साधा न्याय त्यात आहे. पण तुकोबांच्या त्या अर्ध्यातच आवलीचा घास होता, तो मात्र कोणी निराळा काढला नाही. आवली कीर्तनातून आपल्याला भेटते ती कजाग बायको म्हणून. श्रोते हसतात आणि कथा पुढे सरकते. आवलीने ग्रंथ लिहिला नाही. सुमारे तीनशे वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले, तेव्हा त्या राहून गेलेल्या वाट्याचा हिशेब मराठीत मांडला गेला, असे आमचे मत आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याची वाखाणणी होत आली ती मुख्यतः दोन गुणांसाठी, विनोद आणि प्रांजळपणा. शाळेच्या पुस्तकांतून त्यातले उतारे आले तेही बहुधा गमतीचे; मुले ते आवडीने वाचतात, हे आम्ही वर्गात पाहतो. हे दोन्ही गुण पुस्तकात आहेतच. पण हे पुस्तक ख्रिस्ती समर्पित जीवनाविषयीचा मराठीतला सर्वांत कसाचा ग्रंथ आहे, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांनी आत्मकथने त्याआधीही लिहिली होती. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे त्यांतले ठळक नाव. ज्यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीची वाट पाडली, त्यांच्याविषयी कादंबरी लिहिणाऱ्याच्या मनात आदर असणारच. परंतु ‘अरुणोदय’चे लक्ष आहे ते पदमनजींच्या १८५४ मधील बाप्तिस्म्याकडे नेणाऱ्या वाटेवर. शंका, वाद, वाचन, मनाचा झगडा आणि निश्चय, हा त्याचा विषय. ग्रंथाच्या नावातच त्याची मर्यादा आली आहे. त्यात उजाडते, पण भर दुपारचे ऊन त्यात नाही. वास्तविक वाहिलेले आयुष्य सुरू होते ते बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘स्मृतिचित्रे’ त्या दुसऱ्या दिवसाचे पुस्तक आहे.

आमच्या राजूरला गणपतीचे मोठे स्थान आहे. साडेतीन गणेशपीठांतले ते एक पूर्ण पीठ मानतात आणि अंगारकीला येथे माणसांचा पूर लोटतो. पुष्कळजण नवस बोलायला किंवा फेडायला येतात. नवसात देव आणि माणूस यांचा काहीएक करार असतो. दोन्ही पक्षांना आपले देणे ठाऊक असते आणि ते फिटले की माणूस मोकळा होतो. वाहून घेणे ही निराळी गोष्ट. तेथे करार नाही आणि मोकळीकही नाही. मराठीत ‘वाहणे’ या एकाच क्रियापदाने आपण फूलही वाहतो आणि ओझेही वाहतो. घरातला एकजण स्वतःला फुलासारखा वाहतो, तेव्हा ओझे वाहण्याचे काम बहुधा दुसऱ्या कोणाकडे जाते. ‘स्मृतिचित्रे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एका संसारात दाखवते.

नारायण वामन टिळकांचे वाहिलेपण निर्विवाद होते. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले, ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे वळण दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. या चरित्रावर एखादा स्तुतिग्रंथ सहज उभा राहिला असता.

लक्ष्मीबाईंनी तो लिहिला नाही. १८९५ नंतरची सुमारे साडेचार वर्षे नवऱ्यावाचून काढलेल्या बाईचे ते पुस्तक आहे. ज्या माहेरात सोवळ्यापायी मीठही धुऊन घेतले जाई, तेथे त्या वाढल्या होत्या. अशा बाईच्या वाट्याला एका सकाळी ‘धर्म बुडवलेल्या’ माणसाची बायको होणे आले. टिळकांनी देवाला स्वतःला दिले. त्या देण्यात लक्ष्मीबाईंची जात, माहेरची माणसे, चारचौघींतले स्थान, सारे गेले. त्यासाठी त्यांना कोणी विचारले नव्हते.

येथे ख्रिस्ती धर्मग्रंथाचीच एक कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. शिष्यत्वासाठी घरदार सोडणाऱ्याला शुभवर्तमानात मोठे आश्वासन दिले आहे, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच शुभवर्तमानात, मार्काच्या सातव्या अध्यायात, दुसरीही एक गोष्ट आहे. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण झाले आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांचा तेथे ख्रिस्ताने कडक शब्दांत निषेध केला आहे. एक वचन सोडायला सांगते, दुसरे सोडण्याच्या आड लपणाऱ्याला पकडते. समर्पित आयुष्य या दोहोंच्या मध्ये चालते, आणि या वाटेवर टिळकांचे पाऊल कोठे पडले याची एकमेव भरवशाची साक्ष त्यांच्या पत्नीची आहे.

ही साक्ष आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवणारी नाही, हे तिचे मोठेपण. अलीकडे काही वाचक ‘स्मृतिचित्रे’कडे सोसलेल्या स्त्रीची फिर्याद म्हणून पाहतात. तसे वाचले तर पुस्तकातले निम्मे प्रेम वगळावे लागते. जुने भाविक वाचक ते पतिव्रतेची पूजा म्हणून वाचत. तसे वाचले तर निम्मा राग वगळावा लागतो. टिळक न सांगता घर सोडून जातात, हाती आलेला पैसा पहिल्या गरजूला देऊन मोकळे होतात, घरात पाहुणे आणि पोरकी मुले आणून सोडतात. बाई हे सारे जसे घडले तसे सांगतात. त्यांच्या सांगण्यात पीठमीठ येते, भाडे येते, आणि ज्याच्यामुळे हे संपले त्या माणसाची भूतदयाही येते. दोन्ही रकमा एकाच वहीत आहेत आणि बाईंनी एक खोडून दुसरी ठेवलेली नाही. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या लेखिकेची बोलती वाक्ये येथे फार उपयोगी पडली आहेत. पुस्तकी भाषा असती तर त्या वहीत पहिल्या पानावरच कढ आले असते.

१९५० साली या पुस्तकाचे जोसेफीन इंकस्टर यांनी इंग्रजी भाषांतर केले, त्याला नाव दिले ‘आय फॉलो आफ्टर’. नवऱ्याच्या पाठोपाठ चालत गेलेली बाई, असे चित्र त्यातून उभे राहते. आमचा या नावाशी मतभेद आहे. लक्ष्मीबाई टिळकांकडे परत गेल्या, पण त्यांच्या धर्मात लगेच गेल्या नाहीत. नवऱ्याजवळ राहूनही त्यांनी आपले पाणी, आपले सोवळे निराळे ठेवले. जात देवाने केलेली नाही, हे त्यांच्या मनाने घेतले ते त्यांच्याच विचाराने. ज्या दिवशी ते घेतले त्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने पाच वर्षांपूर्वी उघडलेल्या दारातून त्या गेल्या खऱ्या, पण स्वतःच्या पायांनी. मिठापर्यंत पोहोचलेले सोवळे सुटणे हे टिळकांच्या संन्यासाहून लहान समर्पण नव्हे. ते आतल्या घरात झाले, एवढेच.

याचा शेवटचा पुरावा पुस्तकाबाहेर आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि अखेरची पूर्तता त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी केली. अध्यायांची ही संख्या पाहिली की वाहिलेल्या आयुष्यात कोणी किती वाहिले, याचा निवाडा वाचकाला स्वतःच करता येतो.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. टिळकांच्या श्रद्धेचे अंतरंग त्यात फारसे उघडत नाही; ते प्रार्थनेला बसले की बाई दाराबाहेर थांबतात. ‘देवाचा दरबार’ ही कल्पना किती धाडसी होती, मिशनचा पगार आणि मिशनची चौकट सोडून मराठी मातीतला ख्रिस्तपंथ उभा करणे म्हणजे काय, याचा उलगडा तेथे शोधू नये. तो टिळकांच्या अभंगांत शोधावा लागतो. घटनांचा ओघही पुष्कळदा आठवणीच्या लहरीप्रमाणे वळतो. पण या उणिवा साक्षीदाराच्या आहेत. जे पाहिले नाही ते बाईंनी सांगितलेले नाही.

हे पुस्तक नसते तर आपण काय गमावले असते, याची कल्पना आमच्या जिल्ह्यातल्या एका उदाहरणावरून येते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे नारायण शेषाद्री जालन्यास आले, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले आणि दलित समाजातून आलेल्या कुटुंबांमध्ये आयुष्य वेचले. १८९१ साली ते वारले. हे आयुष्य टिळकांच्याइतकेच पुरते वाहिलेले होते. त्याची हकीकत आपल्याला मिळते ती मिशनच्या इतिहासातून. जमीन, विहीर, शाळा, बाप्तिस्म्यांची संख्या. कोर्टाच्या दारात एक मुलगा परत घेणाऱ्या आणि दुसरा गमावणाऱ्या त्या घरात संध्याकाळी काय झाले, त्या आईने कोणाच्या नावाने किती दिवस पान वाढले, हे सांगणारे पुस्तक आपल्यापाशी नाही.

म्हणून समर्पित जीवनाविषयी जेथे जेथे बोलले जाते, मग ते देऊळ असो की चर्च, तेथे ‘स्मृतिचित्रे’ वाचले जावे असे आम्हांला वाटते. त्याने कोणाची श्रद्धा ढळणार नाही. टिळकांविषयीचा आदर तर वाढेलच. फक्त जो कोणी आपले सर्वस्व देवाला द्यायला निघेल, त्याने इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी केले तसे आधी कागद वेगळे करावेत, आणि कान्होबाचा वाटा काढताना आवलीचाही काढावा.