रुमँचं पाणी

राष्ट्राध्यक्षाच्या नातवाने भुकेल्या शेतकऱ्यांवर कादंबरी लिहावी आणि आपण नुसती मान डोलवावी, हे मला जमणार नाही. पण शिवी हासडण्याआधी माणूस पुरता बघितला पाहिजे.

जाक रुमँ १९०७ साली हैतीत जन्मला. उजळ कातडीचं, पैकेवाल्यांचं घर. आईचा बाप तांक्रेद ओग्युस्त देशाचा अध्यक्ष झालेला. शिकला स्वित्झर्लंडात. बसून खाल्लं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण १९१५ पासून अमेरिकन फौज देशाच्या छाताडावर बसलेली. हा १९२७ ला परतला, तिच्याविरुद्ध लिहू लागला आणि तुरुंगात गेला. १९३४ ला त्याने कम्युनिस्ट पक्ष काढला. त्याच साली फौज गेली, पण देशी सरकारने ह्याला तीन वर्षांची सजा ठोकली. मग परागंदा. १९४४ ला सदतिसाव्या वर्षी मेला. कादंबरी छापून आली ती मेल्यावर. लँग्स्टन ह्यूज आणि मर्सर कुक यांनी १९४७ साली तिचं इंग्रजी केलं, 'मास्टर्स ऑफ द ड्यू'. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती वाचली.

मॅन्युएल पंधरा वर्षं क्यूबात ऊस तोडून गावी येतो. संप म्हणजे काय, हे तिथंच शिकलेला. गाव दुष्काळाने करपलेलं, भावकीच्या वैराने दुभंगलेलं. तो पाण्याचा झरा शोधतो. दुसऱ्या तटातला एकजण त्याच्यावर जीवघेणा वार करतो. मरताना तो आईला सांगतो, मारेकऱ्याचं नाव फौजदाराला सांगू नकोस. नाव फुटलं तर पुन्हा रक्त सांडेल, पाणी येणार नाही.

इथं माझं डोकं फिरलं. एकीसाठी गप्प बसायचं ते मेलेल्यानेच का? रंगद्वेष म्हणजे वर्गलढ्याचंच एक रूप, असं रुमँचं म्हणणं. उजळ कातडीत बसून ते म्हणणं सोपं. आमच्या बापजाद्यांनीही तेच ऐकलं. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून साचेखात्यात त्यांना मज्जाव. वर पुन्हा 'कामगार सगळा एक'.

दुसऱ्यांदा वाचली तेव्हा राग थोडा सरकला. मॅन्युएल मौन धरायला लावतो ते फौजदारापुढं. गावाच्या जमिनी गिळायला टपलेला तोच. मारणारा नि मरणारा दोघंही उपाशी, दोघांची तहान एक. बरोबरीच्या माणसाला दिलेलं मौन हे दान असतं. वरच्याने खालच्याकडून उकळलेलं मौन ही चोरी असते. रुमँने पहिलं लिहिलं. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडं नाही.

कारण त्याच्या गावात पाणी शोधावं लागलं. महाडला ते होतंच, तळं भरून. १९२७ ला ते शोधायचं नव्हतं, प्यायचं होतं. रुमँच्या झऱ्याला विटाळ नाही. सापडला की सगळ्यांचा. आमच्या तळ्याला राखणदार होते.

तरीही ही कादंबरी वाचा. ज्याला गप्प बसून चाललं असतं, त्या माणसाने तुरुंग भोगला. त्याचं देणं मान्य करू. आपली कादंबरी मात्र मारेकऱ्याचं नाव घेऊनच सुरू होईल.