एक्क्याचे मोल

पत्त्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते एक तर जुगाराच्या दुष्परिणामांविषयी असते, नाही तर विनोदी लेखाला निमित्त म्हणून असते. खेळातील बळाबळाची, खेळ म्हणूनच, चिकित्सा करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. मलाही वाटले नसते. परंतु गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून माझा भाचा निमगाव साव्याला आला, तो एक छापील यादी घेऊन आला. त्या यादीत सुमारे अडीचशे पानांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे शून्यापासून पाचपर्यंत गुण दिलेले होते. शाळामास्तराला गुणपत्रक दिसले की त्याचे डोळे आपोआप बारीक होतात. ही टीका त्या यादीवर आहे.

भाच्याचा खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या नावाचा. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याच्या स्पर्धांचा एक प्रकार असा आहे, की घरून आणलेले एकही पान चालत नाही. प्रत्येकाला सहा बंद पाकिटे मिळतात. ती फोडून जी ऐंशी-नव्वद पाने निघतील त्यांतूनच, आणि हवी तेवढी साधी जमिनीची पाने घेऊन, निदान चाळीस पानांचा जोड लावायचा. दुसऱ्या प्रकारात पाकिटातले एक पान उचलून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायची, तो उरलेल्यांतले एक उचलणार. अशी तीन पाकिटे फिरतात. ज्याला पानाची पारख तो पुढे जाणार. ही पारख सोपी व्हावी म्हणून जाणकार लोक आधीच यादी करून गुण देतात.

माझी तक्रार सांगण्यापूर्वी मला आमच्या गावच्या पाच-तीन-दोनकडे वळले पाहिजे, कारण मर्यादित पानांतली पारख मी तेथे शिकलो. म्हणजे खरे तर शिकायला फार उशीर केला.

पाच-तीन-दोनला तीन भिडू आणि तीस पाने लागतात. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंग, आणि वर बदाम व इस्पिकची सत्ती. म्हणजे बदाम-इस्पिक आठ-आठ पानांचे, किलवर-चौकट सात-सात पानांचे. आधी पाच-पाच पाने वाटतात. ज्याला पाच हात करावयाचे आहेत त्याने तेवढ्या पाच पानांवरून हुकूम सांगायचा आणि मगच उरलेली पाने यायची. अर्धी माहिती हातात असताना पूर्ण निर्णय करावा लागतो. या खेळाची सारी गोडी याच एका क्षणात आहे.

गणपतीच्या जागरणाला आमच्याकडे एक वृद्ध शेतकरी बसत. सारे त्यांना आबा म्हणत. एकदा त्यांच्या हाती आलेली पाने मी मागून पाहत होतो. बदामचा एक्का आणि अठ्ठी. किलवरची राणी, दश्शी आणि नव्वी. मी मनात ‘बदाम’ म्हणून मोकळा झालो. आबांनी किलवर सांगितले. मला हसू आले. ते वळून म्हणाले, “गुरुजी, एक्का काय कुठं पळून चाललाय व्हय? त्यो आपल्या पायावर उभा हाय. ह्या तिघांना आधार पायजे.”

त्या रात्री आबांचे हात किती झाले हे मला आठवत नाही, आणि आठवत असते तरी त्याने काही सिद्ध झाले नसते. एका डावाचा निकाल हा पारखीचा पुरावा नव्हे. परंतु पुढे एकदा रिकाम्या तासाला मी तो डाव फळ्यावर मांडला. न दिसलेली पाने पंचवीस. त्यांतली पाच आपल्याकडे येणार, म्हणजे पाचातले एक. बदामची बाहेर सहा पाने आहेत, त्यांतली सरासरीने १.२ आपली. बदाम हुकूम केला तर आपल्याकडे ३.२ हुकूम आणि समोरच्या दोघांकडे मिळून ४.८. किलवरची बाहेर चारच, त्यांतले ०.८ आपले. म्हणजे आपल्याकडे ३.८ आणि दोघांकडे मिळून ३.२, प्रत्येकी दीडाच्या आसपास. दोन वेळा हुकूम उतरले की समोरचे बहुधा रिकामे, आणि आपली नव्वीसुद्धा मग हात घेते. बदामचा एक्का तर दोन्ही प्रकारांत आपला हात आणतोच. त्याला हुकूम केल्याने त्याचे बळ फारसे वाढत नाही, इतकेच की तो कापला जाण्याची भीती जाते. त्या भीतीपायी आपण तीन पानांचे भाग्य विकत असतो.

अर्थात किलवरचा एक्का आणि राजा दोन्ही एकाच विरोधकाकडे असले की आबांचाही डाव बसतो. हिशेब खरा असला तरी पाने त्याला बांधील नसतात. पण मला त्या फळ्यासमोर वेगळेच काही आठवले. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला मी त्या वर्षी कोणत्या मुलांना बसविले होते, ते. फळा पुसून मी वर्गावर गेलो.

आता यादीकडे. भाच्याने तिच्यातले पाचापैकी पाच गुणांचे एक पान मला अभिमानाने दाखविले. ते पटावर आले की डाव संपलाच, असे तो म्हणाला. ते खरेही होते. परंतु ते पटावर आणायला सात जमिनी लागतात. चाळीस पानांत ते एकटे. पहिल्या सात पानांत ते येण्याचा संभव साडेसतरा टक्के. आपण आधी खेळत असलो तर सातव्या खेपेपर्यंत तेरा पाने पाहिलेली असतात; तोवर ते आलेले असण्याचा संभव साडेबत्तीस टक्के. म्हणजे ते खेळता येईल अशा अगदी पहिल्या घटकेला तीन डावांपैकी दोन डावांत ते हाती नसते, आणि फार लवकर आले तर तोवर नुसते जड होऊन बसते. यादी करणाऱ्याने त्या पानाच्या उत्तम दिवसाला गुण दिले आहेत. परीक्षेत मी तसे करू लागलो तर नापास कोणीच होणार नाही. त्याच यादीत दोन जमिनींचे, दीड गुणाचे एक साधे शिपाईगडी पान होते. असली चार-पाच पाने नसतील तर पाच गुणांचे पान हाती येईपर्यंत डाव उरतच नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. स्वतंत्रपणे सुंदर असलेल्या एका प्रकरणाने माझे एक पुस्तक बुडविले आहे.

आमचा मेंढीकोट या बाबतीत यादीपेक्षा शहाणा आहे. त्यात सारी मारामारी दश्शीसाठी, कारण चार दश्श्यांपैकी तीन ज्यांच्याकडे त्यांचा डाव. पण दश्शी स्वतः दुबळी. गुलामही तिला खातो. बळ एका पानात आणि मोल दुसऱ्या पानात, ही फारकत त्या खेळाने करून ठेवली आहे. यादीला एकच रकाना आहे.

याहून खोल गोष्ट गंजिफेत आहे. इ. स. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आपल्याकडे हा खेळ सावंतवाडीत टिकला. तेथील दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. राजा, त्याखाली प्रधान, मग एकापासून दहापर्यंत. गंमत अशी, की पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी शेवटची. शिवाय दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा. आणि हुकूम? आपल्या पत्त्यांत हुकूम हा एक रंग असतो. गंजिफेत तसा वरचढ रंग नाही. एखाद्या रंगातली वरची पाने खेळून गेली की उरलेल्यांत जे सर्वांत मोठे, ते त्या घटकेला हुकूम. सकाळी ज्याला कोणी विचारीत नव्हते ते छक्कीचे पान दुपारी हुकूम होऊ शकते, मात्र वरची सारी गेली हे ज्याच्या लक्षात आहे त्याच्यासाठीच. पानाचे बळ असे खेळणाऱ्याच्या स्मरणात साठविलेले असते.

शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात या पानांच्या चित्रकारीला पुन्हा जीव दिला, हे मोठे काम झाले. पण ती पाने विकत घेऊन भिंतीवर चौकटीत लावणारे मी पाहिले आहेत, ती वाटून खेळायला बसलेले पाहिले नाहीत. चौकटीतल्या पानाला कायमचे पाच गुण असतात.

भाचा वाद घालणाऱ्यांपैकी आहे. तो म्हणाला, “मामा, आता कोणी नुसत्या अंदाजाने गुण देत नाही. हजारो डावांची नोंद ठेवतात. अमुक पान हातात आले त्या डावांपैकी शेकडा किती जिंकले, ते मोजतात.” हे ऐकून मी थोडा वरमलो, कारण हे सुधारलेले मोजमाप आहे आणि त्यात वाईट दिवसही धरलेले आहेत. परंतु त्या आकड्यात पानाबरोबर खेळणाराही मोजला जातो. अवघड पान सराईत माणूसच निवडतो, तेव्हा त्याचे कौशल्य पानाच्या खात्यावर जमा होते. बलवान रंगातले सुमार पान शेजाऱ्यांच्या खांद्यावर बसून वर जाते. आकडा खोटा नसतो, पण तो कोणाविषयी आहे हे विचारावे लागते.

“मग पहिले पान उचलताना काय पाहायचे?” त्याने विचारले. हा प्रश्न रास्त होता. हातात काहीच नसताना, समोर सारी अनोळखी पाने असताना, यादीपेक्षा बरा सोबती नाही, हे मी कबूल केले. माझे भांडण दहाव्या उचलीपासून पुढचे आहे. तेव्हा आपल्यापुढे नऊ पाने पडलेली असतात आणि ती यादी करणाऱ्याने पाहिलेली नसतात.

दसऱ्याला तो पुन्हा आला तेव्हा यादी त्याच्या पिशवीत होतीच. घड्या पडून ती मऊ झाली होती. छापील गुणांपुढे त्याने पेन्सिलीने आपले आकडे लिहिले होते, काही ठिकाणी दोन-दोन, एक खोडून दुसरा. त्या सात जमिनींच्या पानापुढे आकडा नव्हता, नुसते प्रश्नचिन्ह होते. मी ती यादी त्याच्याकडून मागून घेतली. हा लेख लिहिताना ती समोर आहे.