गुरू इसाची भीती

इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा 'वीर दिन' म्हणून पाळला जातो. १९४५ साली याच दिवशी सुराबाया शहरावर ब्रिटिश फौजांनी मोठा हल्ला चढवला आणि जवळ मिळेल ते हत्यार घेऊन तरुण रस्त्यावर उतरले. डचांची सत्ता पुन्हा बसू नये म्हणून झालेल्या चार वर्षांच्या लढ्यातले हे सर्वांत मोठे रणकंदन. त्या ब्रिटिश फौजांत शिपाई बहुतेक हिंदुस्थानी होते आणि सुराबायात आधी उतरलेल्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या. काही मुसलमान शिपाई बाजू बदलून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले, हेही खरे. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांना या दोन्ही गोष्टींची गरज वाटलेली नाही.

१९२८ च्या युवक शपथेने एक देश, एक राष्ट्र, एक भाषा असे म्हटले होते. पण ती शिकलेल्या तरुणांच्या मेळाव्यातली शपथ. हजारो बेटांवर विखुरलेल्या, शेकडो भाषा बोलणाऱ्या माणसांपर्यंत ती लढ्यानेच पोहोचवली, असे म्हणतात आणि ते बव्हंशी पटते. मग या लढ्याने घडवलेला 'इंडोनेशियन' माणूस कसा होता? सरकारी पुतळ्यांत तो मूठ आवळून उभा आहे. मोख्तार लुबिस यांच्या 'जालान ताक आदा उजुंग' (अंत नसलेली वाट) या १९५२ च्या कादंबरीत मात्र तो घाबरलेला आहे.

कादंबरीचा नायक गुरू इसा हा जाकार्तातल्या तानाह आबांग भागातला शाळामास्तर. त्यांच्या भाषेत शिक्षकाला 'गुरू'च म्हणतात. गुरू आणि इसा हे दोन शब्द तिथे इतके सहज शेजारी बसतात की कुणाला त्यात नवल वाटत नाही. आपल्याला वाटते, ही गोष्ट आपल्याविषयी बरेच सांगते. घरात बायको फातिमा आणि दत्तक मुलगा सलीम. पगार तुटपुंजा, तांदूळ महाग, रस्त्यावर गोळीबार. हाझिल हा व्हायोलिन वाजवणारा उमदा तरुण त्याला क्रांतीच्या कामात ओढतो. इसा जातो, पण विश्वास म्हणून नव्हे. नाही म्हटले तर लोक गद्दार समजतील, या भीतीने जातो.

मला या कादंबरीचे मर्म इथे वाटते. राष्ट्र नवे असते तेव्हा ते प्रत्येकाकडे पुरावा मागते आणि भित्र्या माणसालाही तो द्यावा लागतो. ज्यांना उठताबसता निष्ठेचा दाखला मागितला जातो, त्या वाचकाला इसाचे गप्प बसणे आणि मान डोलावणे लगेच कळेल. लुबिस त्याची टर उडवत नाहीत. तांदळासाठी इसा शाळेच्या कपाटातल्या वह्या चोरून विकतो, तो भाग मुद्दाम वाचावा. तोफांच्या वर्णनापेक्षा त्या वह्यांनी युद्ध अधिक जवळून कळते. शिक्षकाने मुलांच्या वह्या विकायच्या, म्हणजे काय उरले?

पुढे सिनेमागृहाजवळ शिपायांवर हातबॉम्ब टाकला जातो, हाझिल पकडला जातो, मागोमाग इसाही. आणि छळ सुरू झाल्यावर चित्र उलटते. धीट हाझिल कोलमडतो, साथीदारांची नावे सांगतो. आयुष्यभर घाबरत आलेला इसा मात्र टिकतो. तो शूर होत नाही. भीती जाणार नाही, तिच्यासोबतच राहायचे आहे, एवढेच त्याला उमगते. उर्दूत ज्याला 'हौसला' म्हणतात तो बहुधा हाच.

इद्रुस यांनी 'सुराबाया' या कथेत लढवय्या तरुणांना काउबॉयच्या रूपात रंगवले, तेव्हा क्रांतीचा अपमान केला म्हणून त्यांच्यावर गहजब झाला. लुबिस त्या मानाने अधिक खोल जातात, कारण त्यांना उपहासात रस नाही. राष्ट्राशी वाकडे घेण्याची किंमत त्यांनीही मोजली. 'इंडोनेशिया राया' या दैनिकाचे संपादक असलेल्या या लेखकाला, ज्या सुकार्नोंनी स्वातंत्र्य जाहीर केले त्यांच्याच राजवटीत अनेक वर्षे कैदेत आणि नजरकैदेत काढावी लागली.

जाता जाता एक. डचांनी १९४७ आणि १९४८ मधल्या आपल्या दोन मोठ्या लष्करी मोहिमांना 'पोलिसी कारवाई' म्हटले. १९४८ चे हैदराबाद घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या मराठवाड्यातल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको. दोन्हीकडचे राजकारण वेगळे, पण शब्दाची सोय तीच. तिथल्या अतिरेकी हिंसेबद्दल डच पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०२२ साली.

कादंबरीत दोषही आहेत. इसाच्या भीतीला लेखकाने त्याच्या नपुंसकत्वाशी जोडले आहे आणि कोठडीत भीतीशी समेट होताच तेही दूर होते. हे फारच सोयीचे झाले. मानसशास्त्राचे पुस्तक उघडे ठेवून लिहिल्यासारखे. आणि फातिमा? उशीखाली हाझिलचा पाइप सापडतो, म्हणून इसाला सारे कळते; वाचकालाही ती अशी वस्तूंमधूनच कळते. दुखावलेल्या पुरुषाची बायको, तरण्या क्रांतिकारकाची प्रेयसी, याच्या पलीकडे तिला स्वतःची भीती आहे की नाही? चूल पेटवायची तिला, मूल सांभाळायचे तिला, दारावर शिपाई आले तर पहिली गाठ तिच्याशी. शेवटी दोन्ही पुरुष तुरुंगात असतात आणि कादंबरी त्यांच्यासोबत कोठडीत थांबते. घरात सलीमला घेऊन एकटी राहिलेल्या फातिमाकडे लेखक परत जातच नाही.